वीस सेकंदांचा उंचवटा

मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. सोलापूरच्या देहचुंबक केंद्रात तिसरी मोजणीही वाया गेली.

पडद्यावर एक सरळ रेघ यायला हवी होती आणि त्या रेघेवर दोन तऱ्हेची टोकं: मोठी टोकं आईच्या हृदयाची, बारीक टोकं तिच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाची. त्याऐवजी रेघ सावकाश फुगत वर गेली, उतरली, पुन्हा फुगली. बारीक टोकं त्या उंचवट्यात कुठे बुडाली ते कुणालाच सांगता येईना.

"पुरे," डॉ. तस्नीम बागवान म्हणाल्या आणि त्यांनी मोजणी बंद केली. बागवान मॅडम या केंद्राच्या प्रमुख. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, पायात कापडी बूट. बुटाच्या नाडीची भोकं धाग्यानं शिवलेली होती, कारण धातूची कडी त्या कुठेही वापरत नसत.

पडद्यासमोरच्या बाकावर नीलांबिका हत्तुरे बसली होती. घरात तिला नीला म्हणत आणि लाडात असले की तिचे वडील, अप्पा, नीलव्वा म्हणत. जूनमध्ये ती सातवीत जाणार होती. शेजारच्या जाड भिंतींच्या खोलीत तिची आई झोपलेली होती. आईला ती अव्वा म्हणायची.

खोलीचं दार उघडलं. अव्वा हळूच उठून बसली. तिच्या अंगावर केंद्राचा सुती झगा होता. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना, सगळं बाहेरच्या ताटलीत होतं. गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी तेवढी तिनं काढली नव्हती. बागवान मॅडमनी पहिल्याच दिवशी ती डबी यंत्राखाली धरून पाहिली होती आणि "ही गप्प आहे, राहू द्या" असं सांगितलं होतं.

"आलं का काही?" अव्वानं विचारलं.

"उंचवटा आला," नीला म्हणाली. खोटं बोलून उपयोग नव्हता.

अडचण अशी होती. अव्वाच्या पोटातलं बाळ एकोणतीस आठवड्यांचं होतं. मागच्या आठवड्यात सोनोग्राफीत त्याचं हृदय मध्येच फार जोरात धावताना दिसलं आणि मध्येच फार हळू. हृदयाचे डॉक्टर पोतनीस यांनी सांगितलं होतं, की असं दोन आजारांत होतं. पहिल्यात हृदयातली वीज चुकीच्या वाटेनं गोल गोल फिरत राहते. दुसऱ्यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला नको तेवढा वेळ लागतो. दोन्हींवर औषध आहे; आईनं घेतलं की ते बाळापर्यंत पोचतं. पण पहिल्या आजाराचं औषध दुसऱ्या आजाराच्या बाळाला दिलं, तर तेच जिवावर बेततं.

कोणता आजार, ते बाळाच्या हृदयातल्या विजेचा आलेख पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. गुरुवारी दुपारी बारानंतर आपण थांबू शकत नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. बारापर्यंत आलेख मिळाला नाही, तर अंदाजानं औषध द्यावं लागणार होतं.

"मॅडम," नीला म्हणाली, "पण सोनोग्राफीत हृदय दिसतंय ना? मग?"

"सोनोग्राफीत हालचाल दिसते. वीज दिसत नाही. घंटा वाजलेली ऐकू आली, म्हणून दोरी कुणी ओढली ते कळतं का?"

"मग मोठ्या माणसांना छातीला वायरी लावून आलेख काढतात, तसा काढायचा."

"तोच काढला असता. पण या महिन्यात बाळाच्या अंगावर पांढरा, मेणासारखा थर चढतो. त्याला गर्भलेप म्हणतात (गर्भाच्या कातडीला पाण्यापासून जपणारा चिकट थर). तो विजेला अडवतो. बाळाची वीज आईच्या कातडीपर्यंत येतच नाही." बागवान मॅडमनी टेबलावरची एक वायर उचलली. तिच्यावर पिवळं प्लास्टिक होतं. तिची टोकं त्यांनी घड्याळाच्या सेलला लावली आणि वायर होकायंत्रावर धरली. सुई झटकन वळली. "वायरीला हात लाव. काही लागतं?"

"नाही. प्लास्टिक आहे की."

"प्लास्टिकनं वीज अडवली. सुई मग कुणी हलवली?"

नीलानं जरा विचार केला. "वीज वाहते तिथे आजूबाजूला चुंबकक्षेत्र तयार होतं. ते प्लास्टिकमधून बाहेर आलं."

"आणि गर्भलेपातूनही येतं. म्हणून तुझी अव्वा इथे आहे."

पण हे क्षेत्र किती लहान असतं, ते मॅडमनी पुढे सांगितलं तेव्हा नीलानं वहीत लिहून घेतलं. होकायंत्राची सुई पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रानं वळते. मोठ्या माणसाच्या हृदयाचं क्षेत्र त्याच्या साधारण दहा लाखावा भाग. पोटातल्या बाळाचं त्याहून लहान, एक कोटीवा भाग. इतकं लहान क्षेत्र मोजायचं तर भिंतीही खास लागतात. त्या खोलीच्या भिंती निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या होत्या. पन्हळीतून पाणी बाजूला जावं, तसं बाहेरचं चुंबकक्षेत्र त्या भिंतींतून वळून निघून जायचं आणि आत शांतता राहायची.

"आणि आत मोजतं कोण?"

मॅडमनी छताकडून खाली आलेल्या पांढऱ्या पिंपाचं चित्र दाखवलं. पिंपात द्रवरूप हीलियम होतं, उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर. बाहेर मे महिन्याचं ऊन चव्वेचाळीस अंशांवर गेलं होतं. पिंपाच्या तळाशी नायोबियम धातूची पस्तीस बारीक कडी होती. नायोबियम उणे दोनशे चौसष्ट अंशांच्या खाली गेलं, की अतिसंवाहक होतं (ज्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहते असा पदार्थ). कड्यात एकदा वीज फिरू लागली, की ती महिनोन्‌महिने फिरत राहते.

"तुमच्याकडे चटणीचा कारखाना आहे ना?" मॅडमनी विचारलं. "पूर्वी एका उखळात दोन बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनं मुसळ घालायच्या, ऐकलंयस?"

"आज्जी घालायची. समोरची चुकली की शिव्या द्यायची म्हणे."

"बरोबर करायची. दोघींचा ठेका जुळलेला असेल तर काम सुरळीत. एकीचा ठेका तसूभर मागेपुढे झाला, की लगेच कळतं. आमच्या कड्यातही विजेला जायला दोन वाटा आहेत. प्रत्येक वाटेत एक भिंत आहे. कागदाच्या जाडीचे लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी पातळ. अतिसंवाहकातली वीज ती भिंत न फोडता पार होते. दोन वाटांनी आलेली वीज पलीकडे एकत्र येते. कड्यातून जाणारं चुंबकक्षेत्र जरासं बदललं, तरी या दोन वाटांचा ठेका मागेपुढे होतो आणि कड्याच्या दोन टोकांमधला विजेचा दाब बदलतो. तो बदल आम्ही मोजतो. या कड्याला स्क्विड म्हणतात. चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या सर्वांत तिखट कानांपैकी हा एक."

"तिखट कान म्हणूनच तो नको तेही ऐकायला लागलाय," नीला म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मग काय ऐकतोय ते शोधू या. फार वेळ नाहीये." त्यांनी भिंतीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. सतरा. पिंपात इतके सेंटिमीटर हीलियम उरलं होतं. उडून जाणारा हीलियम वायू पुन्हा द्रव करणारं यंत्र रविवारी बंद पडलं होतं. पातळी दिवसाला पाच-सहा सेंटिमीटरनं उतरत होती. ती चारच्या खाली गेली, की कडी गरम होणार आणि अतिसंवाहकता जाणार. हीलियमचा टँकर हैदराबादहून गुरुवारी निघणार होता. पण एकदा तापलेली कडी पुन्हा थंड करून जुळवायला चार दिवस लागतात.

नीलानं वहीचं पान उलटलं. "उंचवटा वीस सेकंदांनी येतो. मी सतरा वेळा मोजला. एकदा एकोणीस आला, बाकी वीस."

मॅडमनी खुर्ची ओढली. दोघींनी यादी केली. लिफ्ट? ती वाट्टेल तेव्हा चालते. पाण्याचा पंप आठ मिनिटांनी सुरू होतो. रेल्वे वेळापत्रकानं जाते. वीस सेकंदांनी होणारं इमारतीत काहीच नव्हतं.

"खोली रिकामी असताना उंचवटा येतो का?"

"नाही."

"म्हणजे तो अव्वाबरोबर आत येतो. दुसरं कुणी आत झोपलं तर?"

मॅडम स्वतः आत गेल्या. पाच मिनिटं रेघ सरळ राहिली, त्यांच्या हृदयाची टोकं स्वच्छ दिसली. उंचवटा नाही.

"आता मला झोपवा," नीला म्हणाली.

"प्रत्येक मोजणीला हीलियम जास्त उडतं."

"उद्या चौथी मोजणी अशीच फसली तर त्याहून जास्त उडेल ना?"

मॅडमनी दार उघडून धरलं. दारात ‘हमाल’ उभा होता. हमाल म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा प्लास्टिकचा यंत्रमानव. सामान आत नेणं आणि धातू ओळखणं ही त्याची दोन कामं. "केसांत एक वस्तू आहे," तो म्हणाला. नीलानं क्लिप काढून त्याच्या हातावर ठेवली.

पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर तिच्याही नावाचा उंचवटा होता. अव्वापेक्षा बुटका, पण वीस सेकंदांचाच.

तेवढ्यात अप्पा जेवणाचा डबा घेऊन आले. सिद्धाराम हत्तुरे, दणकट अंगाचे, जाड मिशांचे, सोलापुरी शेंगा चटणीचे तिसऱ्या पिढीतले कारखानदार. काय चाललंय ते कळायच्या आत नीलानं त्यांना झगा घालायला लावला. पट्टा, घड्याळ, किल्ल्या, अंगठी ताटलीत पडली.

"मालक, पाचवी वस्तू राहिली," हमाल म्हणाला. अप्पांनी कमरेच्या करदोट्याला अडकवलेली चांदीची कानकोरणी काढून दिली.

अप्पांचा उंचवटा सगळ्यांत मोठा निघाला.

नीलानं तिन्ही आलेख शेजारी लावले. "आम्हा तिघांना येतो, तुम्हाला येत नाही. झगे सारखेच. म्हणजे जे काही आहे ते अंगावर नाही, अंगात आहे."

"पुढे?"

"अंगात वीस सेकंदांनी काय होतं?"

"हृदय सेकंदाला एकदा," मॅडम म्हणाल्या, "श्वास चार सेकंदांनी." त्या बोलता बोलता थांबल्या. मग त्यांनी पस्तीस कड्यांपैकी कुठलं कडं उंचवटा सर्वांत मोठा दाखवतंय ते पडद्यावर आणलं. लाल डाग डाव्या बरगड्यांच्या खाली होता. "जठर. आपलं जठर अन्न घुसळतं ते मिनिटाला तीनदा."

"मिनिटाला तीनदा म्हणजे वीस सेकंदांनी एकदा," नीला म्हणाली.

"सकाळी काय खाल्लंत तुम्ही तिघांनी?"

"कडक भाकरी, दही," अप्पा म्हणाले, "आणि आपली चटणी. दुसरं काय खाणार?"

नीलाच्या डोळ्यांसमोर कारखान्यातलं उखळ आलं. हातभर खोल, लोखंडी. त्यात विजेवर दिवसभर वर-खाली होणारं लोखंडी मुसळ. पणजोबांनी बसवलेलं. दर दोन वर्षांनी मुसळाचं टोक झिजायचं आणि अप्पा नवं बसवायचे. जुन्या टोकाचं लोखंड जायचं कुठे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "चटणीत लोखंड आहे."

अप्पांनी डबा टेबलावर ठेवला. "आमच्या चटणीत लोखंड? काय बोलायलीस, नीलव्वा? ऐंशी वर्षं गाव खायलंय. कुणाच्या दाताखाली आलं का?"

"पिठापेक्षा बारीक असेल तर येणार नाही."

"मॅडम, लोखंडी उखळातच तेल सुटतं. चव त्यातच आहे. तुमचं यंत्र बिघडलंय, ते बघा आधी." अप्पांचा आवाज चढला नव्हता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"असेलही बिघडलेलं," बागवान मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तपासून बघितल्याशिवाय मीही मान्य करणार नाही."

अव्वानं डब्याचं झाकण उघडलं, चटणीची वाटी बाहेर काढली आणि नीलाच्या हातात दिली. "जा, बघून ये. सात महिन्यांत एकच डोहाळा लागला होता, तोही हा निघाला तर निघाला."

दुपारी दोन वाजता नीला कारखान्यात होती. लोहचुंबक तिनं जुन्या स्पीकरमधून काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला, म्हणजे काही चिकटलं तर पिशवी उलटून वेगळं करता येईल. काचेच्या भांड्यात तिनं दोन चमचे चटणी घेतली, कोमट पाणी घालून पातळ केली आणि चुंबक त्यात दोनशे वेळा फिरवला. अप्पा गल्ल्यावर बसून दुसरीकडे बघत होते.

तिनं चुंबक वर काढला. पिशवीवर बारीक काळी लव उभी होती.

ती तिनं कागदावर झटकली. मग दुसऱ्या भांड्यात तोच मसाला घेतला, तेच शेंगदाणे घेतले, पण चटणी घरच्या दगडी खलबत्त्यात कुटली. तेवढंच पाणी, दोनशे फेरे. चुंबक कोरा निघाला.

"दुसरं भांडं कशाला?" अप्पांनी न राहवून विचारलं.

"शेंगदाण्यात किंवा तिखटातच लोखंड असतं तर यातही आलं असतं. आता कळलं, की ते फक्त उखळातून येतं."

अप्पा उठून जवळ आले. त्यांनी कागदाखालून चुंबक फिरवला. काळी लव कागदावर चालू लागली, वळली, मागे आली. ते बराच वेळ तसंच करत राहिले. मग त्यांनी मागे जाऊन कळ खाली ओढली. दिवसभर चालणारा धप्‌-धप्‌ आवाज बंद झाला तेव्हा शेजारचा टेलर बाहेर येऊन बघून गेला.

"पोटाला बाधतं का हे?" त्यांनी फोनवर मॅडमना विचारलं.

"एवढ्यानं कुणी आजारी पडल्याचं मला माहीत नाही. पण अन्नात ते नसलेलंच बरं. आणि बाळाच्या हृदयाची वीज आम्हाला ऐकायची आहे, तेव्हा ते अजिबात नको. जठर सहा-आठ तासांत रिकामं होतं. आज रात्रीपासून चटणी बंद करा. उद्या सकाळी मोजू."

"आजपासून तिचा डबा मी करतो," अप्पा म्हणाले.

बुधवारी सकाळी आठ वाजता पातळी अकरावर होती. अव्वा आत झोपली. पडद्यावर रेघ निघाली, सरळ गेली, आणि मग सावकाश वर उचलली गेली. उंचवटा निम्मा झाला होता. पण गेला नव्हता. मॅडमनी तीन मिनिटांतच मोजणी थांबवली.

अप्पा भिंतीला टेकले. "एक घास चटणी दिली नाही ओ तिला. शपथ."

नीलानं वही उघडली. "अव्वा, काल रात्रीपासून काय काय खाल्लंस? सगळं सांग. पाणीसुद्धा."

"भात, वांग्याची भाजी, एक भाकरी. झोपताना दूध. सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी."

"वांग्यात काय घातलंत अप्पा?"

"कांदा, मसाला, कूट..." अप्पा थांबले.

"कूट कुठलं?"

उत्तर सगळ्यांनाच कळलं होतं. हत्तुऱ्यांच्या घरात शेंगदाण्याचं कूट विकत आणलं जात नव्हतं की घरी कुटलं जात नव्हतं. ते कारखान्यातून डब्यानं यायचं आणि भाजीत, खिचडीत, कोशिंबिरीत मूठ मूठ पडायचं. चटणी बंद करायची म्हणजे कूट बंद करायचं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. भाजीत कूट घालतात हे कुणी लक्षात ठेवतं का? ते असतंच.

"माझी चूक आहे," नीला म्हणाली. "मी पदार्थ बंद केला. उखळातून येणारं सगळंच बंद करायला हवं होतं."

"लिहून ठेव," मॅडम म्हणाल्या. "चूक नीट लिहिली की ती कामाची होते. आता हिशेब ऐका. आज एकदाही यंत्र चालवायचं नाही. उद्या सकाळी पातळी सहाच्या आसपास असेल. चारच्या वर आपल्याला साधारण अर्धा तास मिळेल. एकच मोजणी. ती फसली तर दुसरी नाही."

"उद्यापर्यंत सगळं लोखंड जाईल?"

"जठरातलं जाईल. पुढे आतड्यात काही कण राहतील. त्यांची हालचाल वेगळी असते, ते यंत्रापासून लांबही असतात. तेवढं गणितानं वजा करता येतं."

त्या दिवशी नीलानं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लोखंडी कढई आणि तवा तिनं वर माळ्यावर टाकला. अव्वाला मऊ भात, ताक, मुगाचं वरण आणि केळं, एवढंच. तांदूळ, डाळ, मीठ, प्रत्येक जिन्नस तिनं पाण्यात घालून आधी चुंबकाखाली धरला आणि वहीत ‘कोरा’ असं लिहिलं. तिघांनीही तेच खाल्लं.

"चवीला काहीच नाही गं," अव्वा म्हणाली.

"चव कधी कधी नसलेलीच बरी असते," अप्पा म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर चटणीवर भाषणं दिली, त्याच्या तोंडून हे ऐकून अव्वाला इतकं हसू आलं की तिला पोट धरून बसावं लागलं. हसू थांबल्यावरही तिचा हात पोटावरच राहिला. "सकाळपासून फार हललं नाही," ती म्हणाली. नीलानं तेही वहीत लिहिलं.

गुरुवार, सकाळी सात वाजून पाच मिनिटं. पातळी पाच पूर्णांक आठ. हमाल दारात उभा राहिला आणि म्हणाला, "डबीशिवाय धातू नाही." अव्वा आत गेली. दार बंद झालं.

रेघ निघाली.

दहा सेकंद. पंधरा. नीला ओठ न हलवता मोजत होती. वीस. एकवीस. पंचवीस. रेघ सरळ होती. तिच्यावर अव्वाच्या हृदयाची उंच टोकं एकामागून एक येत होती. नीलानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वीस आले आणि गेले. अप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. तो किती जड आहे ते तिला आत्ता जाणवलं.

"उंच टोकांच्या मध्ये बघ," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मध्ये, अगदी खाली, बारीक टोकं होती. अव्वाच्या एका ठोक्याच्या वेळात दोन-दोन.

"हे बाळ?" अप्पांनी विचारलं.

"हे बाळ."

सव्वीस मिनिटं मोजणी चालली. पातळी चारवर आली तेव्हा भिंतीवरचा आकडा लाल झाला, आणि सात वाजून एकतीस मिनिटांनी पस्तीसही रेघा एकदम विस्कटून गेल्या. कडी तापली होती. आता ती साधी धातूची कडी होती.

पण सव्वीस मिनिटं हातात होती. संगणकानं अव्वाची टोकं ओळखून वजा केली. बाळाचे हजारो ठोके एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली, म्हणजे प्रत्येक ठोक्यातला गोंगाट एकमेकांना खोडतो आणि ठोक्याचा खरा आकार उरतो. पडद्यावर एकच स्वच्छ ठोका राहिला: एक तीक्ष्ण टोक आणि त्याच्यामागे एक गोलसर लहर.

"टोक म्हणजे हृदय आवळतं ती वेळ," मॅडमनी नीलाला सांगितलं. "मागची लहर संपते तेव्हा हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. टोकापासून लहरीच्या शेवटापर्यंत किती अंतर आहे, तेच आपल्याला हवं होतं."

नीलानं अंतर वाचलं. मग भिंतीवरच्या तक्त्यात निरोगी बाळाचं अंतर वाचलं. तिनं दोन्ही आकडे पुन्हा तपासले. बाळाची लहर फार उशिरा संपत होती.

"दुसरा आजार," ती म्हणाली.

"ते डॉक्टर पोतनीस सांगतील. पण हो, मलाही तसंच दिसतंय."

डॉक्टर पोतनीस साडेनऊला आले. त्यांनी आलेख तीन वेळा पाहिला, उभ्या उभ्याच. मग खिशातून आधी लिहून ठेवलेली चिठ्ठी काढली, फाडली आणि दुसरी लिहिली. पहिल्या चिठ्ठीवर पहिल्या आजाराचं औषध होतं. बारा वाजता ते तेच द्यायच्या बेतात होते.

"अंदाज चुकला असता," ते अप्पांना म्हणाले. "मोठी चूक झाली असती."

दहा वाजून दहा मिनिटांनी अव्वाला नव्या औषधाचा पहिला डोस मिळाला. त्याचा उपयोग होतोय की नाही, ते लहरीची लांबी पुन्हा मोजल्यावरच कळेल. म्हणजे यंत्र थंड झाल्यावर, मंगळवारी.

दुपारी अप्पा कारखान्यात गेले. नीला बरोबर होती. उखळ काढून टाकायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नव्हतं. दगडी उखळाची चौकशी त्यांनी दोन ठिकाणी केली होती. तोवर त्यांनी चटणी बाहेर पडते त्या पन्हळीच्या तोंडाशी तीन जाड लोहचुंबक बसवले आणि पाच किलो चटणी त्यावरून सोडली. नंतर चुंबक पुसले. निघालेली काळी भुकटी त्यांनी काचेच्या बाटलीत भरून गल्ल्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

"गिऱ्हाइकानं विचारलं तर?" नीलानं विचारलं.

"सांगायचं. तू समजावून सांग, मला नीट जमणार नाही."

संध्याकाळी केंद्रात बागवान मॅडम एका कागदावर काहीतरी आखत होत्या. उणे दोनशे एकोणसत्तर अंशांऐवजी द्रवरूप नायट्रोजनच्या उणे एकशे शहाण्णव अंशांवरही अतिसंवाहक राहणारे पदार्थ आहेत. नायट्रोजन हवेतच असतो, त्याला हैदराबादचा टँकर लागत नाही. त्या पदार्थांची कडी अजून इतकी तिखट कानाची नाहीत. पण झाली, तर असं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यातही बसेल.

"किती वर्षं लागतील?" नीलानं विचारलं.

"माहीत नाही. हातांची गरज आहे. तू दोनशे फेरे मोजून फिरवतेस, तेवढा धीर असलेल्या हातांची."

नीलानं वहीत दिवसाची शेवटची नोंद केली. गुरुवार, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटं. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे बत्तीस. दुपारपासून एकदाही धाव नाही. हीलियमचा टँकर नळदुर्गजवळ.